दहाव्याचा शुक्रवार

ती घटना आठवली नाही असं एकही नवरात्र निवृत्तीनंतर मला मिळालेलं नाही. घरात घट बसतो, पहिली माळ चढते आणि माझं डोकं वार मोजायला लागतं. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी उठतो, अंगणात येरझारा घालतो, आत येतो, परत बाहेर जातो. बायको म्हणते, "झालं यांचं सुरू." ती बरोबर बोलते. तीसेक वर्षं नोकरी केली, मोठी मोठी प्रकरणं हाताळली, त्यातली बरीचशी आता आठवायला डोकं खाजवावं लागतं. हे एक मात्र चिकटून बसलंय.

कोणाचंही नाव घेणार नाही. ठाण्याचंही नाही. बालाघाट जिल्ह्यातलं, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, असलेलं एक ठाणं, एवढं पुरे. मी तिथे उपनिरीक्षक होतो. आमचं घर बालाघाट शहरातलं. आजोबा भंडाऱ्याकडून सरकारी नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आमचे ठाणा प्रभारी ग्वाल्हेरकडचे, माणूस वाईट नव्हता, पण सीमेवरच्या गावांतलं मराठी त्यांच्या डोक्यावरून जायचं. तिकडची फाईल आली की माझ्या टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, "आपकी तरफ का मामला है, आप ही देखो."

मंगळवारी सकाळी एक शेतकरी आला. पन्नाशीचा, खांद्यावर गमछा, बोलायला मऊ. त्याचा धाकटा भाऊ सोमवारी संध्याकाळपासून घरी आला नव्हता. मोबाईल घरी खाटेवरच पडलेला. सोमवारी दिवस मावळता शेतातल्या बोडीवर धाकट्याचं आणि शेजारच्या शेतकऱ्याचं भांडण झालं होतं. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. धान पिकत आलं की शेवटचं पाणी याच बोडीतून द्यायचं असतं. ही बोडी दोन्ही घरांच्या सामाईक मालकीची होती, आणि आधी पाणी कोणी घ्यायचं यावरून दरवर्षी तोंडातोंडी ठरलेली. त्या दिवशी शेजारी दहा माणसांसमोर ओरडला होता, "आता पाणी अडवलं तर याच बोडीत गाडीन तुले!"

हरवल्याची नोंद केली. खरं सांगतो, त्या धमकीनंतर मी थोरल्याला एकही प्रश्न विचारला नाही. धाकटा पितो का, याआधी कधी असा गेला होता का, कोणाशी आणखी वाकडं आहे का, हे प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण ताटात वाढून आलेलं असलं की चुलीकडे कोण बघतो? दुपारी दोन आरक्षक, म्हणजे शिपाई, मोटारसायकलने गेले आणि शेजाऱ्याला घेऊन आले.

आता इथे ठाण्यातली एक पद्धत सांगायला हवी. माणसाला 'बसवून ठेवणे'. त्याला अटक नसते आणि सुटकाही नसते. अटक केली की चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, म्हणून लिहायचंच नाही. रोजनामच्यात नोंद नाही, हवालातीत नाही. आमच्याकडे मालखान्यामागे, जप्त माल ठेवतात त्याच्या मागे, एक खोली होती, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या निवडणुकीच्या पेट्यांची. कॅमेरे बसवले तेव्हा त्या खोलीपर्यंत तार पोचली नव्हती, आणि ती पोचावी अशी कोणाला घाईही नव्हती. शेजाऱ्याला तिथे बसवलं. त्याचा मोबाईल मुंशीने, म्हणजे आमच्या ठाण्याच्या लेखनिकाने, ड्रॉवरमध्ये टाकला. बंदसुद्धा केला नाही. बायकोचे फोन येत राहिले आणि ड्रॉवर घुरघुरत राहिला.

मग त्याची बायको स्वतःच यायला लागली. फाटकासमोर पंक्चरवाल्याचं एक बाकडं होतं, त्यावर बसून राहायची. सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने जायची. कोणाला काही विचारायची नाही. मला तिचा राग यायचा. का यायचा ते आता कळतं.

दुर्गेचे मंडप, आरत्या, मिरवणुकांचे मार्ग, शांतता समितीच्या बैठका, या सगळ्यात चौकशी अशी झालीच नाही. बुधवारी सकाळी मी चहाचा ग्लास घेऊन त्या खोलीत गेलो. त्याने बिडी मागितली. मी दिली नाही. विचारलं, "कुठं आहे तो?"

"मले काय माहीत साहेब. भांडलो, घरी गेलो, भात खाल्ला, झोपलो."

"धमकी दिली होती ना?"

"हौ, देल्ली. रागानं बोललो." आणि मान खाली.

शनिवारी दुपारी गावच्या कोटवाराचा, म्हणजे गावच्या चौकीदाराचा, फोन आला. बोडीत प्रेत वर आलं होतं. कंबरेला नायलॉनचा दोर, दोराला दगड. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, कायम केला, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. डोक्याच्या मागच्या बाजूला घाव. पाण्यात राहिलेलं शरीर, त्यामुळे डॉक्टरांनी मृत्यूची वेळ तीन ते सहा दिवसांपूर्वीची दिली. सोमवार त्यात बसत होता. आम्हाला सोमवारच पाहिजे होता.

शनिवारी संध्याकाळी शेजाऱ्याला 'अटक' केली. मंगळवारपासून आमच्या मागच्या खोलीत असलेल्या माणसाला शनिवारी गावाच्या वेशीवर पकडल्याचं लिहिलं. सही माझी. पंचांच्या दोन सह्या, तेही नेहमीचेच. रविवारी न्यायाधीशांच्या घरी हजर केलं, शुक्रवारपर्यंत पोलीस कोठडी मिळाली. त्याच रविवारी तिकडे गावात धाकट्याला अग्नी दिला.

प्रभारी म्हणाले, "दशहरे से पहले निपटाओ. ऊपर से फोन आ रहे हैं."

सोमवारी सकाळी मी त्याला माझ्या खोलीत घेतलं. एक प्रधान आरक्षक सोबत. तासभर तेच चाललं, भांडलो, घरी गेलो, भात खाल्ला, झोपलो. माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि त्याच्या कानाखाली वाजवली. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस. गडबडून खुर्चीवरून खाली पडला, आणि उठून परत खुर्चीवर न बसता फरशीवरच मांडी घालून बसला. मग हळू म्हणाला, "हौ. मीच मारलं त्याले."

प्रधान आरक्षक लगेच उठून उभा राहिला. मी हाताने थांबवलं.

"कसं मारलं?"

"बोललो ना मी. बोडीत गाडीन म्हणून. देवीचे दिवस होते साहेब. माह्या तोंडातून निघालं अन् तसंच झालं. बोडीतच सापडला ना? मंग मीच मारलं."

"अरे बाबा, कशानं मारलं ते सांग. काठी, दगड, काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमीच सांगा."

प्रधान आरक्षक मध्ये बोलला, "फावडं होतं ना हातात? पाणी द्यायला गेला होता ना?"

"हौ, फावडं तं होतं."

"मग फावड्यानंच मारलं ना?"

"हौ."

झालं. मुंशीने मेमोरेंडम, म्हणजे कबुलीचा कागद, लिहिलं. त्यात हा भात खाणारा, 'हौ' म्हणणारा माणूस शुद्ध ठाण्याच्या हिंदीत बोलत होता: मैंने आवेश में आकर फावड़े से वार किया और साक्ष्य छिपाने के उद्देश्य से. असं सगळं. त्याने खाली सही केली. घरून फावडं जप्त केलं. त्यावर चिखल होता, दुसरं काही नव्हतं.

कबुलीची मला चांगली पारख होती असं मी समजत होतो. खरा गुन्हेगार कबूल करतो तेव्हा नको असलेल्या गोष्टी सांगतो. तेव्हा कुत्रं भुंकत होतं, चप्पल तुटली, तहान लागली होती. याच्या कबुलीत असलं काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं आमच्याकडूनच गेलेलं. हे मला सोमवारीच कळलं होतं. तरी मी मूग गिळून बसलो. बढतीच्या यादीत माझं नाव होतं आणि दसरा तोंडावर होता. दसऱ्याच्या बंदोबस्तात दिवसभर उभा होतो, लोक सोनं देत होते आणि माझं कशात लक्ष नव्हतं. घरी बायकोने विचारलं, "तब्येत बरी नाही का?" मी तिच्यावरच ओरडलो.

बुधवारी सकाळी कोटवार ठाण्यात आला. गावातली खबरबात सांगायला हे कोटवार नेमाने येत असतात. आमच्याकडचा म्हातारा, बोलका, पण विचारल्याशिवाय कामाचं सांगायचा नाही. मी सह्या करत होतो. तो सांगत होता, विसर्जन शांततेत झालं, डीजेवाल्याला समज दिली, वगैरे. जाता जाता म्हणाला, "अन् साहेब, परवा शुक्रवारी त्याचं दहावं हाय. नदीवर जातीन लोकं. मीबी जाईन, तं येनार नाही."

माझा पेन थांबला.

वर्षभरापूर्वीच मी माझ्या वडिलांचं दहावं केलं होतं, वैनगंगेच्या काठावर, डोकं भादरून. दिवस कसे धरतात ते माझ्या हाडात बसलेलं होतं. मेल्या दिवसापासून धरतात. तो पहिला. मी टेबलाखाली बोटांवर मोजलं. धाकटा सोमवारी गेला असेल तर दहावा दिवस आज, बुधवारी. मेल्याचा दिवस माहीत नाही म्हणून अग्नी दिल्यापासून धरलं, तर रविवार पहिला आणि दहावा येत्या मंगळवारी. शुक्रवार यात कुठेच बसत नव्हता. परत मोजलं. शुक्रवार दहावा यायचा तर पहिला दिवस बुधवार पाहिजे. मागचा बुधवार.

"शुक्रवारी काहून?" मी विचारलं.

"थोरला म्हणे तसं. महाराज तं म्हनत होते, दिवस ठाऊक नसंल तं जाळल्यापासून धरा. तो आयकेच ना. म्हणे, बुधवारपासूनच धरा."

"का म्हणून?"

"ते काही बोलला नाही बा."

मी खुर्ची पुढे ओढली. "धाकटा प्यायचा का गा?"

"पिये ना! मोहाची. भांडण झालं की शेतातल्या खोपडीत जाऊन पडे. दोन-दोन दिवस, तीन-तीन दिवस. भूक लागली की ये घरी."

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

म्हाताऱ्याने शांतपणे डोक्याला गमछा बांधला. "तुमी इचारलंच कुठं साहेब? तुमाले तं आरोपी भेटला होता."

तो गेला. मी बसून राहिलो. आधी वाटलं, सापडलं! एखादा धागा हाती लागला की पोलिसाला जो आनंद होतो तो झाला, खोटं कशाला बोलू. आणि लगेच पुढचा प्रश्न आला. धाकटा बुधवारी मेला असेल, तर बुधवारी शेजारी कुठे होता? माझ्यासमोर होता. माझ्या चहाच्या ग्लासासमोर. मी त्याला बिडी दिली नव्हती. त्या माणसाचा साक्षीदार मी होतो, पूर्ण ठाणं होतं, आणि कागदावर तो तेव्हा गावात मोकळा हिंडत होता.

गुरुवारी सकाळी एका आरक्षकाला आणि कोटवाराला घेऊन मी थोरल्याच्या घरी गेलो. सांत्वनाला जातात तसा गेलो, गणवेश न घालता. थोरला ओसरीवर बसला होता. मी आत गेलो तर देवघराच्या कोपऱ्यात घट नव्हता, जमीन सारवलेली होती. थोरल्याची बायको पाणी घेऊन आली.

"घट बसवला होता ना वहिनी?"

"हौ, दरसाल बसवतो. शनिवारी खबर आली तसा उठवला."

"माळ कोण घालत होतं?"

"हेच घालत जात. पण बुधवारच्या सांजेपासून मीच घातली. म्हनत, कंबर दुखते, माह्याच्यानं होत नाही. दिवाबी मीच लावला. हे तं देवापाशी गेलेच नाही."

ती बिचारी साधी बोलत होती. तिला आपण काय सांगतोय याची कल्पना नव्हती. थोरल्याला होती. तो ओसरीवरून माझ्याकडे बघत होता. मी बाहेर येऊन त्याच्याजवळ बसलो.

"भाऊ, घरात सुतक शनिवारी लागलं. तुम्ही बुधवारीच कसं धरलं?"

तो गमछ्याचं टोक पिळत राहिला. मी पुढचा प्रश्न टाकला नाही. चौकशीत गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड काम, आणि ते मला फार उशिरा जमलं. समोरच्या बांधीत कोणीतरी पाखरं हाकलत होतं. शेवटी त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तुमाले खोटं बोललो साहेब. त्याले कसं बोलू? तो माह्या मायच्या पोटचा हाय. दिवस चुकवला तं तो कुठं जाईन? कोण पाणी देईन त्याले?"

मग सगळं आलं. मंगळवारी तक्रार केली तेव्हा त्याला खरंच काळजी होती. बुधवारी दुपारी शेतातल्या झोपडीत, त्या खोपडीत, पाहिलं तर धाकटा पिऊन पडलेला. घरी चल म्हटलं. धाकट्याने पुन्हा जुनं काढलं, माझा हिस्सा वेगळा करून दे, मला विकायचाय, आणि विकायचाय तो त्या शेजाऱ्यालाच. ज्याच्याशी परवा बोडीवर गचांडी धरली, त्यालाच बोडीसकट शेत देणार! थोरल्याने कुऱ्हाडीचा दांडा उचलला. एकच घाव. "मले वाटलं पडला हाय, उठंल," असं तो तीनदा म्हणाला. उठला नाही तेव्हा त्याला आठवलं की शेजारी ठाण्यात बसलेला आहे आणि गाव त्याचंच नाव घेतंय. म्हणून रात्री कंबरेला दगड बांधून त्याला त्याच बोडीत सोडलं. चपला, चादर, दांडा, सगळं त्याने खोपडीच्या छपराच्या तणसात खुपसून ठेवलं होतं. जाता जाता पाणी सांडलं, मडकं फुटलं, तेही सांगितलं. नको असलेलं सगळं. ती कबुली खरी होती.

छपरातून वस्तू निघाल्या. त्याच्या मोटारपंपाला बांधलेला नायलॉनचा दोर अर्धा कापलेला होता, आणि दुसरा अर्धा, प्रेताच्या कंबरेचा, आमच्या मालखान्यात आधीपासून पडून होता. मेमोरेंडम, जप्ती, सगळं त्याच दुपारी, गावातल्या खऱ्या पंचांसमोर.

ठाण्यात आलो तर प्रभारी साहेब खूश. पाठ थोपटली. मग दार लावून घेतलं आणि म्हणाले, "अब ऐसा करो, दोनों को बना दो. मिलके मारा. पड़ोसी ने फावड़ा, भाई ने डंडा. उसका भी कबूलनामा है, इसका भी है."

"सर, तो बुधवारी आपल्याकडे होता."

"कागज़ पर?"

"कागदावर नाही."

"तो फिर?"

मी म्हटलं, त्याचा मोबाईल मंगळवारपासून मुंशीच्या ड्रॉवरमध्ये आहे, बॅटरी संपेपर्यंत चालू होता. उद्या वकील कॉलचं रेकॉर्ड मागवेल, टॉवर सांगेल फोन कुठे होता. टॉवरला आपण काय समज देणार? साहेबांनी कपाळाला हात लावला. मग थकल्यासारखे म्हणाले, "फोन की बात कोई उठाएगा तब देखेंगे. सोच लो. नौकरी तुम्हारी भी है." त्यांच्यावर दोष ढकलायला मी हे लिहीत नाही. त्या शनिवारच्या कागदावर सही त्यांची नव्हती, माझी होती.

मी भित्रा निघालो, हे स्पष्ट लिहितो. दोन तास मी ठाण्याच्या आवारात चकरा मारल्या. मुलगी बारावीला, बढती हातातोंडाशी. मन म्हणायचं, कोर्टात सुटेलच की तो पुढेमागे, दोन-चार वर्षांत. दोन-चार वर्षं! जणू मीच ती देणार होतो. फाटकाबाहेर बाकड्यावर ती बाई होती. चौकशी चालू होती तेव्हा होती, दसऱ्याला होती, आताही. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिने पदर सावरला.

"उद्या सोडान का साहेब? धान कापाले आलं. माह्या एकटीच्यानं होत नाही."

एवढंच बोलली. नवरा निर्दोष आहे, देव बघतोय, असलं काही नाही. धान कापायला आलं. मला वाटतं तिने हात जोडले असते, रडली असती, तर मी नेहमीसारखा "बघू" म्हणून निघून गेलो असतो. मी आत गेलो आणि केस डायरी उघडली. मंगळवारी दुपारपासून लिहिलं. कोणी आणलं, कुठे बसवलं, मोबाईल कुठे आहे, शनिवारची अटक कशी दाखवली, सोमवारी काय झालं. थापडेचंही लिहिलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं. एक प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना पाठवली, म्हणजे मलाच परत फिरता येऊ नये.

शुक्रवारी, तिकडे नदीवर दहावं कोणी केलं कोण जाणे, इकडे मी कोर्टात उभा होतो. शेजाऱ्याला मोकळं करावं असा अर्ज दिला. न्यायाधीशांनी डायरी वाचली. चष्मा काढला.

"बुधवार को ये आदमी थाने में था?"

"जी."

"किस हैसियत से?"

तीस वर्षांत कोर्टात मला अडवणारे वकील खूप भेटले, या एका प्रश्नाएवढं कोणी अडवलं नाही. आरोपी म्हणून नाही, साक्षीदार म्हणून नाही, पाहुणा म्हणून तर नाहीच. मी म्हणालो, "कोई हैसियत नहीं थी, साहब." त्यांनी तेच शब्द लिहून घेतले.

बाहेर आल्यावर तो माणूस पायऱ्यांवर थांबला. बायको दोन पायऱ्या खाली उभी. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि द्याव्यात असंच वाटत होतं. तो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, मंग माह्या बोलण्यानं नाही ना मेला तो?"

"नाही. तुमच्या बोलण्यानं नाही मेला."

"पक्कं ना?"

"पक्कं."

त्याने लांब श्वास सोडला आणि मग रडला, तिथेच, वकिलांच्या गर्दीत. इतके दिवस तो त्याच ओझ्याखाली होता. आम्ही त्याला विचारत होतो खुनाबद्दल, आणि तो उत्तर देत होता एका शब्दाबद्दल. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

पुढे थोरल्याला शिक्षा झाली. प्रभारी साहेबांची बदली झाली. माझी विभागीय चौकशी लागली, बढतीची यादी माझ्याशिवाय निघाली, आणि निवृत्त झालो तेव्हा मी माझ्या बरोबरीच्यांच्या एक पायरी खाली होतो. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही, झालं. पण त्यानंतर माझ्या हाताखालच्या ठाण्यात जो आला त्याची नोंद झाली, मग तो चहा प्यायला आलेला सरपंच असो. नवे उपनिरीक्षक हसायचे. मी त्यांना एकच सांगायचो, की माणसं कुठे खोटं बोलतात ते आपण शोधत बसतो, ती कुठे खोटं बोलूच शकत नाहीत ते कोणी बघत नाही. ते बघायला गावात बसावं लागतं, लोकांच्या रीतीभाती ठाऊक असाव्या लागतात. त्या थोरल्याने कायद्याला फसवलं, गावाला फसवलं, घरच्या बायकोला फसवलं. भावाच्या दिवसांत मात्र एक दिवस इकडचा तिकडे केला नाही. आणि आम्ही, कायद्याची माणसं, एका जिवंत माणसाचे चार दिवस गिळून बसलो होतो. तो खुनी होता, तरी त्या बाबतीत मला त्याच्यापुढे लाज वाटली, माझी स्वतःची.

विभागीय चौकशीत त्या बाईलाही बोलावलं होतं. मी समोर बसलेलो. चौकशी अधिकारी भले गृहस्थ, मला वाचवायला बघत होते. त्यांनी तिला समजावल्यासारखं विचारलं, "इन्हीं साहब ने तुम्हारे आदमी को छुड़वाया ना? इनसे कोई शिकायत तो नहीं?"

मी मान खाली घातली. मनातून मला वाटत होतं की तिने 'नाही' म्हणावं. सुटका करून दिली होती, एवढं तरी माझ्या पदरात पडावं.

ती माझ्याकडे बघून, मराठीतच म्हणाली, "थापड यायनंच मारली. सोडवलंबी यायनंच." मग लेखनिकाकडे वळली. त्याने लिहायला पेन उचललेला होता, आणि तो कशापासून सुरुवात करावी या विचारात थांबला होता.

"दोन्ही लिवा," ती म्हणाली.